ड्वॉर्फ फोर्ट्रेसमधल्या भुरट्या चोरांचा बंदोबस्त: कोबोल्ड, किया, माकडे आणि ग्रेमलिन

ड्वॉर्फ फोर्ट्रेस या संगणकावरच्या गेममध्ये बुटक्या ड्वॉर्फांचा किल्ला वसवायचा असतो. प्रवेशद्वारात वीस केज ट्रॅप (पिंजऱ्याचे सापळे) लावले, दरवाजाला कुलूप घातले, तरी गोदामातून वस्तू जातातच, ही तक्रार नवे खेळाडू सतत करतात. कारण बहुतेक वेळा एकच असते. कोबोल्डला ट्रॅप लागू पडत नाहीत आणि कुलूपही त्याला फारसे अडवत नाही. भुरट्या चोराला मारणे सोपे आहे, एक कुत्रासुद्धा ते काम करतो. अवघड आहे ते त्याला वेळेवर पाहणे. म्हणून आधी नजर, मग दार, मग सापळा आणि शेवटी शिपाई या क्रमाने बंदोबस्त करायचा. हा क्रम उलटा केला की मेकॅनिझम (यंत्रांचे सुटे भाग) आणि पिंजरे वाया जातात.

खाली दिलेल्या कळा आणि पॅनेल स्टीमवर मिळणाऱ्या आवृत्तीतले आहेत. जुन्या मोफत आवृत्त्यांत मेनू वेगळे असले तरी तत्त्व तेच आहे.

## १. चोर कोणता ते आधी ओळखा

चारही चोरांना एकच उपाय लावणे ही पहिली चूक. चौघांचे वागणे वेगळे आहे.

कोबोल्ड. आकाराने ड्वॉर्फच्या एक तृतीयांश. हातात बहुधा तांब्याचा मोठा सुरा असतो. लपतछपत येतो, वस्तू उचलतो आणि नकाशाच्या कडेकडे पळतो. कोणाच्या नजरेस पडेपर्यंत तो तुम्हाला पडद्यावर दिसतच नाही. दिसला की चोर सापडल्याची सूचना येते. ट्रॅपवरून तो बिनधास्त चालत जातो.

किया. न्यूझीलंडच्या डोंगरातला पोपट. गेममध्येही तो डोंगराळ भागातच आणि थव्याने येतो. लपत नाही, पण उडतो, त्यामुळे खंदक आणि भिंत दोन्ही निरुपयोगी ठरतात. उघड्यावर पडलेले काहीही उचलतो.

ऱ्हीसस माकड. उत्तर भारतात देवळांभोवती दिसणारे लाल तोंडाचे माकड ते हेच. टोळीने येते आणि वस्तू घेऊन पसार होते. रॅकूनही याच जातीचा चोर आहे. यांना ट्रॅप व्यवस्थित लागू पडतो.

ग्रेमलिन. जमिनीखालच्या गुहांतून येतो. वस्तू नेण्यापेक्षा खोड्या करण्यात त्याला रस. लपून आत शिरतो आणि लिव्हर (पूल, दारे चालवणारा खटका) ओढतो. ट्रॅप यालाही पकडत नाही. तुमचा लिव्हर पूर सोडणाऱ्या दाराला जोडलेला असेल, तर हा चौघांत सगळ्यात महागात पडणारा पाहुणा.

मूल पळवणारे गॉब्लिनांचे हस्तकही लपूनच येतात. ते इथले भुरटे चोर नव्हेत, पण टप्पा ३ मधली राखण त्यांनाही उघडे पाडते.

> तपासा: तुमचा किल्ला डोंगरात आहे का? असल्यास टप्पा २ आणि ५ आधी करा. खोदताना जमिनीखालची गुहा फोडली आहे का? असल्यास टप्पा ७ आजच वाचा.

## २. पहिल्या हंगामात: उघड्यावरचा माल आत घ्या

सात ड्वॉर्फ उतरतात आणि त्यांचे सगळे सामान गाडीभोवती उघड्यावर असते. किया किंवा माकडांचा भाग असेल तर चोरी याच वेळी होते. त्यामुळे पहिली खोदाई शयनगृहाची नको, गोदामाची करा.

१. डोंगराच्या कुशीत किंवा मातीच्या थरात तीन टाइल (नकाशावरचे चौकोन) रुंद बोगदा काढा. पुढे व्यापाऱ्यांच्या गाड्यांना ही रुंदी लागतेच.

२. बोगद्याच्या टोकाला साधारण ७ × ७ ची एक खोली खोदा. ‘पी’ कळ दाबून तिथे सर्व प्रकारचा माल घेणारे स्टॉकपाइल (साठवणीची जागा) टाका, फक्त दगड आणि कचरा वगळा. दगड चालू ठेवलात तर हमाल दगडच वाहत बसतात आणि कुऱ्हाडी बाहेर राहतात.

३. कुऱ्हाड, कुदळ, ऐरण, बिया आणि दारूची पिंपे आत पोचेपर्यंत झाडे तोडण्याचे आणि फळे गोळा करण्याचे काम थांबवा. हात कमी असतात आणि हमाली मागे पडते.

४. सगळे आत गेले की गाडी मोडा. तिचे लाकूड मिळते आणि लोकांचे गाडीभोवती घोटाळणेही कमी होते.

व्यापारी डेपो ५ × ५ चा असतो आणि त्याला तीन नग बांधकाम साहित्य लागते. तो उघड्यावर बांधण्याचा मोह टाळा. व्यापार संपल्यावर डेपोत उरलेला माल कित्येक दिवस तसाच पडून राहतो आणि चोराला त्यासाठी आत यावेही लागत नाही. डेपो बोगद्याच्या आत, टप्पा ४ मधल्या पुलाच्या पलीकडे हवा.

> सावधान: चोरी ‘किरकोळ’ म्हणून सोडून देऊ नका. सर्वोच्च दर्जाची, म्हणजे नावाभोवती सूर्याचे चिन्ह असलेली वस्तू नकाशाबाहेर गेली, तर ती घडवणाऱ्या कारागिराच्या मनाला ते लागते. एकाच सोनाराच्या तीन-चार उत्तम वस्तू गेल्या की तो कामात लक्ष देण्याऐवजी भांडणे उकरून काढू लागतो.

## ३. नजर: कुत्रे कुठे आणि कसे बांधायचे

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात. कुत्रा बांधलेला असतो, पण चुकीच्या जागी.

लागणारे साहित्य: चार प्रौढ कुत्रे, चार दोर किंवा साखळ्या. दोर कापडापासून शिंप्याकडे होतो आणि साखळी लोहाराच्या भट्टीवर. सुरुवातीला दोरच करा, धातू वाचतो.

१. बोगद्याच्या तोंडापासून आत दहा-बारा टाइलवर दोन्ही भिंतींत एकेक टाइल खोल कोनाडा खोदा. समोरासमोर नको, दोन टाइल मागेपुढे घ्या.

२. ‘बी’ कळ दाबून बांधकामाच्या यादीतून साखळीची जागा निवडा आणि ती कोनाड्याच्या आत लावा, वाटेच्या मधोमध नव्हे. बांधलेले जनावर आपल्या जागेपासून एक टाइल फिरते. त्यामुळे तीन टाइल रुंद वाटेत दोन्ही बाजूंचे कुत्रे मिळून जवळजवळ सगळी रुंदी राखतात आणि मधला रस्ता गाड्यांसाठी मोकळा राहतो.

३. बांधकाम पूर्ण झाले की त्यावर टिचकी देऊन कुत्रा नेमून द्या. हे राहून जाते! साखळी बांधली म्हणजे कुत्रा आपोआप येत नाही.

४. अशीच दुसरी जोडी पुलाच्या आतल्या बाजूला, गोदामाच्या अलीकडे बांधा.

बाहेरची जोडी चोर येताना पकडते आणि आतली जोडी तो माल घेऊन निघताना. एकच जोडी बांधायची असेल तर आतली बांधा. बाहेरच्या कुत्र्यांना धनुर्धारी टोळ्या लांबूनच मारून टाकतात.

कुत्रेच का? कुत्र्याला चरावे लागत नाही. गाय, मेंढी किंवा घोडा साखळीला बांधलात तर ते जनावर चाऱ्याविना उपाशी मरते. मांजर चालते, पण कोबोल्ड समोर आला तर त्याला अडवण्याची ताकद तिच्यात नाही.

युद्धासाठी शिकवलेला कुत्रा साध्या कुत्र्यापेक्षा बराच चांगला लढतो. त्यासाठी ‘झेड’ कळीने जनावरे शिकवण्याचा झोन आखा, एखाद्या ड्वॉर्फला प्रशिक्षणाचे काम द्या आणि जनावरांच्या यादीत त्या कुत्र्यापुढे युद्ध-प्रशिक्षणाची खूण करा. कोणी पाळीव म्हणून घेतलेला कुत्रा निवडू नका. तो मेला की मालक दुःखी होतो, मग चोराने न नेता नुकसान झालेच.

> तपासा: कोनाड्यातला कुत्रा बोगद्याच्या विरुद्ध भिंतीपर्यंतच्या टाइल पाहू शकतो का? मध्ये खांब किंवा बंद दार असेल तर नजर अडते. रिकाम्या साखळ्या दर हंगामात एकदा मोजा, मेलेल्या कुत्र्याच्या जागी नवा आपोआप येत नाही.

## ४. दार: उचलपूल, साधा दरवाजा नव्हे

दरवाजाला कुलूप घालून कोबोल्डवर भिस्त ठेवू नका. उचललेला पूल मात्र भिंतीसारखा वागतो आणि तो उघडण्याचे कसब कोणत्याच भुरट्या चोराकडे नाही.

१. बोगद्यात, बाहेरच्या कुत्र्यांच्या आतल्या बाजूला वाटेच्या पूर्ण रुंदीचा, म्हणजे तीन टाइल रुंद आणि चार टाइल लांब खंदक काढा.

२. त्यावर ३ × ४ चा पूल बांधा. साहित्याचे गणित असे: टाइलची संख्या भागिले चार, अपूर्णांक सोडून द्या, अधिक एक. बारा टाइलला चार नग लागतात. नुसत्या धोंड्यांऐवजी घडीव ब्लॉक वापरा, एका धोंड्याचे चार ब्लॉक होतात.

३. पूल ठेवतानाच दिशा निवडा. उचलणारा पूल हवा आणि तो किल्ल्याच्या बाजूला उचलला गेला पाहिजे. इथे आत सरकणारा पूल निवडला गेला तर खंदक उरतो, भिंत उरत नाही. ही चूक नंतर दुरुस्त होत नाही, पूल पाडून पुन्हा बांधावा लागतो.

४. मेकॅनिकच्या कार्यशाळेत दगडाचे तीन मेकॅनिझम करून घ्या. एक लिव्हर बांधायला, दोन जोडणीला. त्याच लिव्हरला दुसरा पूल जोडायचा असेल तर आणखी दोन.

५. लिव्हर पुलाजवळ नको, भोजनगृहात बांधा. लिव्हर कोणीतरी चालत येऊन ओढावा लागतो आणि रिकामटेकडे लोक भोजनगृहातच सापडतात.

६. आता जोडणी करा आणि चोर येण्याआधी एकदा लिव्हर ओढून पाहा.

लिव्हर ओढल्यावर पूल लगेच हलत नाही, १०० टिक (गेममधले वेळेचे एकक) जातात. गेम सेकंदाला १०० फ्रेमने चालत असेल तर ते साधारण एक सेकंद. तेवढ्यात पळता चोर बराच पुढे जातो, म्हणून पूल आणि आतल्या कुत्र्यांमध्ये किमान पंधरा-वीस टाइलचे अंतर ठेवा.

आणि पूल कधी उचलायचा? सूचना येताच घाबरून लिव्हर ओढण्याची सवय वाईट. चोर पुलाच्या बाहेर असेल आणि हात रिकामे असतील तर पूल उचला, तो माघारी जाईल. चोर आत असेल तरीही उचला, कारण आता त्याला बाहेर पडायला वाट नाही. पण चोर माल घेऊन बाहेर पडला असेल तर पूल खालीच राहू द्या. तेव्हा पूल उचललात तर तुमचेच शिपाई आत कोंडले जातात आणि चोर निवांत नकाशाच्या कडेला पोचतो.

> सावधान: पुलावर कोणी उभे असताना तो उचलला तर ते फेकले जाते. पूल खाली येताना त्याखाली जे असेल ते चिरडून नाहीसे होते, चोराच्या हातातली वस्तूसुद्धा.

## ५. छत: उडणाऱ्यांसाठी

किया येत नसतील अशा भागात हा टप्पा सोडून द्या.

बाकीच्यांनी आकाशाकडे उघडी असलेली प्रत्येक जागा शोधा. अंगण, वरून खोदलेला खड्डा, उघड्यावरचे शेत, हवेसाठी म्हणून ठेवलेला झरोका, अर्धवट सोडलेला जिना. (हवेसाठी झरोका ठेवण्याची या गेममध्ये गरजच नाही, तरी तो कित्येक किल्ल्यांत असतो.) वरच्या पातळीवर जाऊन त्या जागेवर फरशी बांधा. विहिरीला वरून तोंड असेल तर जाळी बसवा.

अंगणाला भिंत आहे पण छत नाही, हा नेहमीचा घोटाळा. भिंतीची उंची वाढवून काही होत नाही. चढणाऱ्यांसाठी मात्र भिंतीच्या माथ्यावर बाहेरच्या बाजूला एक टाइलचा छज्जा काढला की ते वर येऊ शकत नाहीत. भिंतीला लागून झाड असेल तर आधी ते तोडा.

## ६. सापळा: माकडे आणि रॅकूनसाठी आमिषघर

केज ट्रॅप कोबोल्डसाठी वाया जातात, पण माकडांसाठी उत्तम. मुख्य वाटेत मात्र ते लावू नका, ट्रॅप असलेल्या टाइलवरून व्यापाऱ्यांच्या गाड्या जात नाहीत. वाटेत ट्रॅपांची रांग लावायची आणि गाडीवाले व्यापारी का येत नाहीत म्हणून हैराण व्हायचे, हा प्रकार नेहमीचा.

त्याऐवजी किल्ल्यापासून पंधरा-वीस टाइल लांब, उघड्या जमिनीवर एक आमिषघर बांधा.

साहित्य: भिंतींसाठी सात ब्लॉक, छतासाठी दोन, तात्पुरत्या उतारासाठी एक, एक मेकॅनिझम, एक लाकडी पिंजरा.

१. ३ × ३ चा चौकोन आखा. मधली टाइल मोकळी, एका बाजूच्या मधली टाइल प्रवेशासाठी मोकळी. उरलेल्या सातांवर भिंती.

२. भिंतीला लागून बाहेर एक उतार बांधा. त्यावरून कामगार भिंतींवर जातात. भिंतीच्या माथ्यावर फरशी आपोआप असते, म्हणून फक्त मधल्या आणि प्रवेशाच्या टाइलवर छत टाकायचे आहे.

३. छत झाल्यावर उतार पाडा. तो राहिला तर त्यावरून छतावर चढण्याची वाट उरते.

४. मधल्या टाइलवर एका टाइलचे स्टॉकपाइल टाका. त्यात फक्त तयार वस्तू आणि फक्त साधा दर्जा ठेवा. दगडी पेले किंवा खेळणी चालतात.

५. माल पोचल्यावर प्रवेशाच्या टाइलवर केज ट्रॅप बांधा. तुमचे लोक ट्रॅपवरून सुरक्षित चालतात, पण ट्रॅप बांधण्याचे काम आणि हमाली एकाच वेळी सुरू असली की दोन्ही अडकतात.

एका ट्रॅपमध्ये एकच माकड सापडते. टोळीतली बाकीची आत जाऊन पेले नेतात. नेऊ द्या, त्यासाठीच ते ठेवले आहेत. टोळ्या वारंवार येत असतील तर अशी दोन-तीन घरे वेगवेगळ्या दिशांना बांधा. भरलेला पिंजरा हमाल घेऊन जातात आणि जनावरांच्या स्टॉकपाइलमध्ये रिकामे पिंजरे शिल्लक असतील तरच ट्रॅप पुन्हा भरतो. चारपाच पिंजरे कायम हाताशी ठेवा.

## ७. ग्रेमलिन: लिव्हर वाचवा

गुहा फोडल्या दिवशीच गुहेकडची वाट तीन टाइलपर्यंत अरुंद करा आणि तिथे टप्पा ३ प्रमाणे कुत्र्यांची जोडी बांधा. काम नसेल तेव्हा ती वाट भिंतीने बंदच केलेली बरी, भिंत पाडायला फार वेळ लागत नाही.

लिव्हर सगळे एकाच खोलीत असणे सोयीचे, पण त्या खोलीत एक कुत्रा बांधलेला असला पाहिजे. धोकादायक लिव्हर, म्हणजे पाणी किंवा लाव्हा सोडणारे, त्या खोलीत ठेवूच नका. एकदाच वापरायचा लिव्हर काम झाल्यावर मोडून टाका. आणि प्रत्येक लिव्हरला नाव द्या. सहा निनावी लिव्हरांतला कोणता ओढला गेला हे शोधण्यात जो वेळ जातो तेवढ्यात अर्धे गोदाम पाण्याखाली जाते.

## ८. चोर दिसल्यावर: शिपाई आणि परत आलेला माल

१. सूचना येताच गेम थांबवा. सूचनेवर टिचकी देऊन चोर कुठे आहे आणि हातात काय आहे ते पाहा.

२. हातात काही नसेल तर कुत्र्यांवर सोडा. पथकाला लांब पाठवू नका.

३. हातात माल असेल तर ‘क्यू’ कळीने पथक निवडा, पण चोराच्या मागे धाडू नका. चोर कोणत्या कडेकडे निघाला आहे ते पाहून पथकाला त्याच्या पुढच्या टाइलवर उभे करा. चिलखत घातलेला ड्वॉर्फ मागून धावून त्याला क्वचितच गाठतो. क्रॉसबोवाले पथक असेल तर तेच पाठवा. साध्या लाकडी बाणांनीही भागते आणि एका ओंडक्याचे पंचवीस बाण होतात. कियांच्या थव्यावरही हाच उपाय.

४. पथकाची बराक प्रवेशद्वाराजवळ ठेवली तर हा सगळा वेळ वाचतो. सराव करणारे शिपाई जाताजाता चोर पाहतातही.

५. चोर मेला की वस्तू तिथेच पडते. ती नकाशाच्या आत आहे तोवर काही गेलेले नाही. मात्र मेलेल्या शत्रूंच्या वस्तूंवर गेम बहुधा वापरबंदी घालतो. म्हणून त्या टाइलवर जाऊन बंदी काढा, नाहीतर तुमचीच हातोडी गवतात पडून राहील आणि लोहार दुसरी करायला बसेल.

६. बंदी काढल्यावर लगेच हमाल बाहेर धावतात. आसपास दुसरा चोर नाही याची खात्री होईपर्यंत थांबा. कोबोल्ड एकटा दिसला तरी कधीकधी दुसरा अजून लपलेला असतो, आणि माल उचलायला आधी धावतात ती रिकामी बसलेली मुलेच.